विषाणूची वंशावळ : 'कोणी आणला?' की 'कशामुळे पसरला?'

दरवर्षी १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, शाळेतून प्रभातफेरी निघते, फलकलेखन होते, एखादे व्याख्यान होते. व्याख्यान संपल्यावर "कोणाला काही विचारायचे आहे का?" असे म्हटले की नववी-दहावीतला एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, हा रोग मुळात आला कुठून?" प्रश्न उत्तम आहे. अडचण आहे ती आपल्या उत्तराची. "आफ्रिकेतून आला, मग मुंबईत आला, तेथून ट्रकवाल्यांनी आणि बाहेरगावी कामाला गेलेल्यांनी खेड्यात आणला", असे तीन तुकड्यांचे उत्तर आपण देतो आणि तेवढ्यात घंटा होते. या उत्तरात तिन्ही ठिकाणी 'कोण' आहे. 'कसे' आणि 'का' मात्र कुठेच नाही.

या नेमक्या उणिवेवर बोट ठेवणारे एक पुस्तक आहे : कॅनडातील संसर्गरोगतज्ज्ञ जाक पेपँ यांचे 'द ओरिजिन्स ऑफ एड्स'. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने ते २०११ साली काढले आणि २०२१ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. पुस्तक इंग्रजीत आहे, जाडजूड आहे, आणि त्याचा रोख आफ्रिका व कॅरिबियन बेटांवर आहे. तरीही वाशीमसारख्या जिल्ह्यातील शिक्षकाने ते का वाचावे, आणि वाचताना कुठे सावध राहावे, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. एचआयव्ही या विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे ९,७०० अक्षरांचा असतो. पेशीत शिरल्यावर तो आपल्या आरएनएची डीएनएत नक्कल करतो. ही नक्कल करणारे विकर मोठे निष्काळजी आहे. साधारण दर तीन प्रतींमागे एक चूक, असा त्याचा हिशेब. उपचार न घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. म्हणजे चुका किती होत असतील याची कल्पना करावी. शिवाय एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले तर दोघांच्या मजकुराचे तुकडे जोडून तिसराच संकरित विषाणू तयार होऊ शकतो. यामुळे या विषाणूच्या घराण्यात अफाट विविधता आहे. जगभर पसरलेल्या मुख्य गटाचे (याला 'एम' गट म्हणतात) ए, बी, सी, डी असे अनेक उपप्रकार आहेत. त्यांच्या बाह्य आवरणाच्या जनुकात आपसांत पाव भागाहूनही अधिक फरक आढळतो. युरोप-अमेरिकेत 'बी' उपप्रकाराचे प्राबल्य, तर दक्षिण आफ्रिका आणि भारतात 'सी'चे. जगातील जवळजवळ निम्मे संसर्ग 'सी'चे आहेत.

या चुका शास्त्रज्ञांच्या मात्र पथ्यावर पडल्या आहेत. चुका साधारण ठराविक गतीने साठत जातात. म्हणून दोन विषाणूंतील फरक मोजला की त्यांचा समान पूर्वज किती वर्षांपूर्वीचा, याचा अंदाज बांधता येतो. किन्शासा शहरात १९५९ आणि १९६० साली घेतलेल्या दोन मानवी नमुन्यांत हा विषाणू सापडला. ते दोन विषाणू एकमेकांपासून इतके वेगळे होते की त्यांचा समान पूर्वज विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपासचा असला पाहिजे, असा निष्कर्ष २००८ साली मायकेल वोरोबी आणि सहकाऱ्यांनी काढला. म्हणजे १९८१ साली अमेरिकेत 'नवा' म्हणून नोंदला गेलेला रोग प्रत्यक्षात साठ-सत्तर वर्षे जुना होता.

पेपँ यांच्या विवेचनाचे बळ येथून सुरू होते. चिंपांझी किंवा गोरिलाकडून एचआयव्ही-१ माणसात किमान चार वेळा आला. एम, एन, ओ आणि पी हे त्याचे चार गट म्हणजे चार स्वतंत्र घटना. एचआयव्ही-२ हा तर दुसऱ्याच माकडाकडून, तोही अनेक वेळा आला. परंतु या सर्वांत जगभर पसरला तो फक्त 'एम' गट. आता विचार करा : प्राण्याकडून माणसात येणे हेच साथीचे कारण असते, तर प्रत्येक वेळी साथ आली असती. शेकडो वर्षे माणसे जंगलात शिकार करत होती, म्हणजे संसर्ग पूर्वीही झाले असणार आणि विझूनही गेले असणार. मग विसाव्या शतकात असे काय घडले की एका ठिणगीचा वणवा झाला?

लेखकाचे उत्तर परिस्थितीकडे बोट दाखवते. वसाहतींच्या काळात लोहमार्ग झाले, बंदरे झाली, बायकामुलांना गावी ठेवून पुरुषांनी कामाला यावे अशी शहरे उभारली गेली. लिओपोल्डव्हिल (आजचे किन्शासा) हे असेच शहर. स्त्रियांच्या मानाने पुरुष कितीतरी अधिक, आणि त्यातून वाढलेला देहविक्रय. याला जोड मिळाली ती सरकारी आरोग्यमोहिमांची. निद्रारोग, याझ, उपदंश यांवर लाखो लोकांना सुया टोचल्या गेल्या आणि त्या सुया व पिचकाऱ्या नीट निर्जंतुक न करता एकाकडून दुसऱ्याकडे गेल्या. हेतू चांगला होता, पुष्कळ जीव वाचलेही. परंतु त्याच सुयांनी रक्तातले विषाणूही वाटले. पुराव्यादाखल लेखक हिपॅटायटिस-सी या दुसऱ्या विषाणूकडे वळतात. ज्या वृद्धांना तरुणपणी अशा मोहिमांत सुया टोचल्या गेल्या, त्यांच्यात त्याचे प्रमाण जास्त आढळते. इजिप्तमध्ये रक्तकृमीवरील इंजेक्शनांच्या मोहिमेने हाच विषाणू देशभर पसरवला, हे तर सर्वमान्यच आहे. लेखकाने १९८०च्या दशकाच्या आरंभी झैरमधील खेड्यातल्या रुग्णालयात स्वतः डॉक्टर म्हणून काम केले आहे. त्यामुळे वैद्यकाच्या चुकीविषयी लिहिताना ते घरातल्या माणसासारखे लिहितात, परक्या फिर्यादीसारखे नाही.

पुस्तकाचा हा गुण मान्य करून दोन आक्षेप नोंदवले पाहिजेत.

पहिला आक्षेप. सुयांचा पुरावा अप्रत्यक्ष आहे. हिपॅटायटिस-सी सुईने पसरला म्हणून त्याच काळात एचआयव्हीही तसाच पसरला, हे संभाव्य ठरते, सिद्ध होत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या नूनो फारिया आणि सहकाऱ्यांच्या जनुकीय अभ्यासात साथीचे मूळ १९२०च्या सुमाराचे किन्शासा येथे दिसते, परंतु 'एम' गटाच्या वाढीने वेग घेतला तो १९६०च्या आसपास. तेव्हा लोहमार्ग, शहर, देहविक्रयातील बदल आणि सुया यांपैकी कोणाचा वाटा किती, हे अजून मोजता आलेले नाही. शिक्षकाने 'सुयांमुळे एड्स पसरला' असे एक वाक्य फळ्यावर लिहिले, तर ते पुस्तकावरही अन्याय करणारे ठरेल आणि विज्ञानावरही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुसऱ्या आवृत्तीत लेखक पहिल्या महायुद्धातील एका सैनिकाची शक्यता मांडतात. आग्नेय कॅमेरूनच्या जंगलात अन्नाची टंचाई, पोटासाठी शिकार, चिंपांझी कापताना झालेली जखम आणि मग शहराकडे परतणे. कथा सुसंगत आहे. परंतु त्या सैनिकाला नाव नाही, त्याचे रक्त तपासलेले नाही, तो होता याला पुरावा नाही. वाचकाच्या मनात मात्र तोच ठसतो. ज्या पुस्तकाने 'कोण'ऐवजी 'कशामुळे' असे विचारायला शिकवले, त्यानेच शेवटी एक 'कोण' उभा करावा, हे खटकते.

आणि 'पहिला माणूस' शोधण्याची ही हौस निरुपद्रवी नाही. गाएतां द्युगा हा कॅनडातील विमानसेवक अनेक वर्षे अमेरिकेतील साथीचा 'शून्य क्रमांकाचा रुग्ण' म्हणून बदनाम झाला. मूळ अभ्यासात त्याच्यासाठी वापरलेले अक्षर 'ओ' होते, कॅलिफोर्नियाबाहेरचा रुग्ण एवढाच त्याचा अर्थ. त्याचे वाचन 'शून्य' असे झाले आणि शून्याचा अर्थ 'पहिला' असा घेतला गेला. २०१६ साली वोरोबी आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकातील जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांतील विषाणू वाचले. द्युगाचा विषाणू वंशवृक्षाच्या बुंध्याशी नव्हताच. तो इतर अनेकांबरोबर मधल्या फांद्यांत होता. विषाणू न्यूयॉर्कमध्ये १९७०च्या सुमारासच, कॅरिबियनमधून, पोहोचलेला होता. द्युगा १९८४ सालीच वारला होता. जनुकशास्त्राने त्याची निर्दोष मुक्तता केली ती मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी.

दुसरे उदाहरण लिबियातील बेंगाझीचे. तेथील मुलांच्या रुग्णालयात चारशेहून अधिक मुलांना एचआयव्हीची लागण झाली. पाच बल्गेरियन परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरला मृत्युदंड सुनावण्यात आला. २००६ साली मुलांच्या विषाणूंचा वंशवृक्ष मांडला गेला तेव्हा दिसले, की हा विषाणू या परिचारिका १९९८ साली तेथे रुजू होण्याआधीपासूनच रुग्णालयात फिरत होता. २००७ साली सर्वांची सुटका झाली.

आता आपल्याकडे वळू. भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम सिद्ध झाला तो १९८६ साली मद्रासमध्ये, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला सेल्लप्पन यांच्या कामातून. पुण्यात १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील कविता लोळे, रमेश परांजपे आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी १९९९ साली पुण्यातील सहा नव्याने बाधित व्यक्तींच्या विषाणूंचा जवळजवळ संपूर्ण जनुकीय मजकूर प्रसिद्ध केला. सहापैकी पाच शुद्ध 'सी' निघाले आणि एक निघाला 'ए' आणि 'सी' यांचा संकर. संकराचे सांधे शोधण्यासाठी या शोधनिबंधात वापरलेली 'सिमप्लॉट' ही संगणकप्रणाली पुढे जगभरच्या विषाणुशास्त्रज्ञांच्या रोजच्या वापरात आली. करोनाच्या काळातही तिचा पुष्कळ उपयोग झाला. महाराष्ट्रातल्या मुलांना हे ठाऊक असायला हवे.

या निबंधात आणखी एक महत्त्वाची गोष्ट होती. 'बी' उपप्रकाराच्या प्रयोगशाळेतील नमुन्यात आपल्या संरक्षक पेशी विषाणूच्या ज्या खुणा ओळखतात, त्यांपैकी केवळ ३८ टक्के खुणा या विषाणूंत जशाच्या तशा आढळल्या. म्हणजे अमेरिकेतील विषाणूवर बेतलेली लस पुण्यात चालेलच असे नाही. विविधता ही नुसती वर्गीकरणाची हौस नसून लसीच्या मार्गातील मोठी धोंड आहे, हे यातून कळते. उपचारांची गोष्ट वेगळी : आज वापरात असलेली एचआयव्ही-१वरील औषधे सर्व उपप्रकारांवर चालतात. एचआयव्ही-२ मात्र नेव्हिरापीनसारख्या काही औषधांना दाद देत नाही. तो भारतात असल्याचे १९९१ सालीच दिसले होते. म्हणून रुग्णात नेमका कोणता आहे हे तपासावे लागते.

पुढच्या अभ्यासांतून असे दिसले की भारतातील बहुतेक 'सी' विषाणू वंशवृक्षाच्या एकाच मोठ्या फांदीवर बसतात, ती फांदी दक्षिण आफ्रिकेकडील विषाणूंच्या जवळची आहे, आणि तिचे मूळ १९६०-७०च्या दशकांत जाते. ईशान्येत, मणिपूरमध्ये, चित्र निराळे आहे. तेथे नशेच्या सुयांतून पसरलेला 'बी' उपप्रकार आणि 'बी-सी' संकर आढळतात. वाट बदलली की विषाणूचे कूळही बदलते.

पण येथेच थांबून विचारले पाहिजे, की या वंशवृक्षातून खेड्यातल्या प्रसाराबद्दल काय सांगता येते आणि काय नाही? कंबोडियातील रोका या गावी २०१४ साली अचानक दोनशेहून अधिक लोक बाधित आढळले. त्यांत लहान मुले होती, म्हातारी माणसे होती. बहुतेकांचे विषाणू एकमेकांशी जवळजवळ जुळणारे निघाले. इतकी कमी विविधता म्हणजे प्रसार अगदी अलीकडचा आणि झपाट्याचा. तपासात निघाले ते एका बिनपरवाना वैद्याच्या सुया. उलट एखाद्या गावातले विषाणू एकमेकांपासून दूरदूरच्या फांद्यांवर आढळले, तर संसर्ग बाहेरून अनेकदा, वेगवेगळ्या वाटांनी आले असे समजावे. वंशवृक्ष असा गावाची गोष्ट सांगू शकतो. अमक्याने तमक्याला दिला, हे मात्र तो एकट्याने सांगू शकत नाही. दोघांचे विषाणू जुळले तरी दोघांनाही तिसऱ्याच, न तपासलेल्या माणसाकडून लागण झालेली असू शकते.

हे मुलांना पटवायला वर्गात एक खेळ घ्यावा. एक लांबलचक वाक्य एका मुलाला द्यावे. त्याने ते भराभर उतरून तिघांना द्यावे, त्या तिघांनी प्रत्येकी आणखी तिघांना, असे चार पिढ्या. प्रत्येकाने नकलताना एक अक्षर मुद्दाम बदलावे. मग सर्व कागद गोळा करून निम्मे लपवावेत आणि उरलेल्यांवरून मुलांना वंशवृक्ष काढायला सांगावा. कोणते कागद एका कुळातले, हे मुले चटकन ओळखतात. "मग कोणी कोणाला दिला ते सांगा", असे म्हटले की वाद सुरू होतो, आणि लपवलेले कागद बाहेर काढल्यावर बहुतेकांचे तर्क चुकलेले असतात. न सापडलेल्या कागदाचे महत्त्व या खेळाइतके दुसऱ्या कशाने कळत नाही.

आता वाशीम. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १२ लाख, त्यातले पाचांपैकी चार जण खेड्यात. कोरडवाहू सोयाबीन-कापूस, सुगी संपली की कोयता घेऊन ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईकडे बांधकामावर जाणारी कुटुंबे, अकोला-पूर्णा लोहमार्ग, आणि २०२२ पासून कारंजा-मालेगावकडून जाणारा समृद्धी महामार्ग. पेपँ यांच्या पुस्तकातील लिओपोल्डव्हिल वाचताना हे सारे डोळ्यांसमोर येते. पण म्हणून 'बाहेर जाणाऱ्यांनी आणला' असे म्हणायचे का? पुस्तकाचा धडा नेमका उलटा आहे. माणसे हजारो वर्षे प्रवास करतात. प्रवास हा रोग नव्हे. उचल घेऊन महिनोन्‌महिने घरापासून दूर राहावे लागणे, जेथे जावे तेथे दवाखाना आपला नसणे, तपासणीची सोय नसणे, ही परिस्थिती रोगाला वाट करून देते.

सुयांच्या बाबतीतही तसेच. "डॉक्टरने सुई दिली नाही म्हणजे औषधच दिले नाही" ही समजूत आपल्या गावोगाव आहे. २००२-०३ साली झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शने दिली जातात आणि त्यांतील जवळजवळ दोन-तृतीयांश असुरक्षित असतात, असे आढळले. भारतात एचआयव्हीचा मुख्य मार्ग लैंगिक संबंध हाच आहे, यात शंका नाही. परंतु उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात २०१८ साली उघडकीस आलेल्या प्रकाराने सुईची वाट बंद झालेली नाही हे दाखवून दिले. रक्ताच्या व्यापारावरही पुस्तकात सबंध प्रकरण आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले, ही त्या प्रकरणाला जोडून सांगण्याजोगी गोष्ट.

'प्रथम सापडला' आणि 'प्रथम झाला' यांतली गल्लत ही या सर्व विवेचनातली कळीची गोष्ट आहे. आकडेवारीतही ती घडली. भारतातील बाधितांची संख्या २००५ पर्यंत ५० लाखांच्या वर सांगितली जाई. हा अंदाज मुख्यतः सरकारी दवाखान्यांतील गरोदर स्त्रिया आणि इतर ठराविक गटांच्या तपासणीवर आधारलेला होता. २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघरच्या एक लाखावर लोकांचे रक्त तपासले, तेव्हा १५ ते ४९ वयोगटातील प्रमाण ०.२८ टक्के निघाले आणि २००७ साली अंदाज २५ लाखांवर आणावा लागला. रोग एका रात्रीत निम्मा झाला नव्हता. मोजणीची जागा बदलली होती.

हीच गल्लत घरात घडते तेव्हा तिची किंमत एका बाईला मोजावी लागते. गरोदरपणी तपासणी होते ती सुनेची. घरात पहिला अहवाल येतो तो तिचा. "पहिली सापडली ती हिच्यात, म्हणजे आणला हिनेच", असा निवाडा सासरी होतो, आणि नवरा वारल्यावर तिला माहेरची वाट दाखवली जाते. द्युगावर जो अन्याय अमेरिकेतील लेखकांनी केला, तोच येथे ओसरीवर होतो. फरक इतकाच, की हिच्या सुटकेसाठी कोणी वंशवृक्ष मांडत नाही. तो मांडण्याची गरजही नाही. नमुना कसा निवडला गेला एवढे समजले तरी पुरे, आणि ते समजावणे हे गणित-विज्ञानाच्या शिक्षकाचेच काम आहे.

लातूर जिल्ह्यात हासेगाव येथे २००९ साली एचआयव्हीबाधित मुले शाळेत नकोत म्हणून पालकांनी विरोध केला. त्या पालकांना 'एड्स स्पर्शाने पसरत नाही' हे वाक्य ठाऊक नसेल असे वाटत नाही. ते भिंतीभिंतीवर लिहिलेले होते. वाक्य पाठ होते, विचार रुजला नव्हता. आज परिस्थिती बरीच बदलली आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळू लागली. नियमित औषध घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणू मोजण्याच्या पातळीखाली गेला आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि शाळाप्रवेशात भेदभाव करण्यास त्यानुसार मनाई आहे.

पेपँ यांचे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असावे, पण ते वाचून दाखवताना शेवटचा सैनिक वगळला तरी चालेल. सुयांचे प्रकरण, लोहमार्गाचे प्रकरण आणि चार गटांपैकी एकच का पसरला हा युक्तिवाद वगळू नये. आणि पुढच्या १ डिसेंबरला तो मुलगा पुन्हा "कुठून आला?" असे विचारील, तेव्हा उत्तर देण्याआधी त्यालाच एक प्रश्न विचारावा : "चार वेळा आला, मग तीन वेळा जगभर का पसरला नाही?" त्याचे उत्तर शोधता शोधता घंटा झाली तरी हरकत नाही.